अपघात हे प्राक्तन नव्हे

दिवाळी सरली की गोरेगाव तालुक्यात धानाच्या मळणीला वेग येतो. बांध्यांतून भारे उचलले जातात, खळ्यावर मळणीचे यंत्र उभे राहते आणि रात्री उशिरापर्यंत त्याचा आवाज गावात ऐकू येतो. या यंत्राच्या तोंडाशी पेंढी लावणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो, आणि तो पुष्कळ वेळा आपल्या वस्तीतलाच असतो. झोप अनावर झालेली असते, दिव्याचा उजेड अपुरा असतो, पट्ट्यावर आच्छादन नसते. एका क्षणात बोटे जातात. मग जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मालक त्या मजुरास दवाखान्यात पोहोचवितो, मलमपट्टीचे पैसे देतो, वर दोन-चार हजार रुपये आणि एखादे पोते धान घरी पाठवितो. घरची माणसे हात जोडून म्हणतात, मालक भला माणूस, त्याने आम्हांस वाऱ्यावर सोडले नाही. शेजारी म्हणतात, नशिबात होते ते चुकते काय?

या दोन वाक्यांविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे.

ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली त्यांनी पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून या जन्मीचे दुःख सोसण्याची शिकवण मागे टाकली. जातीच्या बाबतीत ही गोष्ट आपणांस पटली आहे. परंतु तुटलेल्या हाताच्या बाबतीत ती अद्याप पटलेली दिसत नाही. ज्या घरात देवांच्या तसबिरी उरल्या नाहीत, त्या घरात नशीब मात्र अजून मुक्कामास आहे. तथागतांनी दुःखाला कारण असते असे सांगितले. मळणी यंत्राच्या दुःखालाही कारण आहे. पट्ट्यावर लोखंडी जाळी नव्हती, माणूस चौदा तास उभा होता, यंत्र बंद करण्याची कळ त्याच्या हाताशी नव्हती. यांपैकी एकही गोष्ट पूर्वजन्मातून आलेली नाही. त्या सर्व याच जन्मी, थोड्या पैशांची बचत करण्यासाठी कोणीतरी ठरविल्या आहेत.

आणि मालकाच्या भलेपणाविषयी म्हणावयाचे तर, जे देणे कायद्याने लागू आहे त्याचा शंभरावा भाग देऊन जर कोणी भला ठरत असेल, तर भलेपणाचा भाव फारच उतरला आहे असे म्हणावे लागेल.

जखमी कामगाराचा हक्क ही कल्पना परदेशातून आयात झाली असे काही विद्वान मानतात. त्यांनी १८८४ साल आठवावे. त्या वर्षी जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला, हे खरे. परंतु त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईत महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, या त्यातील मागण्या सर्वांस ठाऊक आहेत. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली आणि लोखंड्यांचे नाव तिच्याशी जोडले गेले. मात्र त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. काम करीत असता ज्यास गंभीर इजा होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी. सुट्टी लोकांच्या स्मरणात राहिली, ही मागणी विसरली गेली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा येण्यास त्यानंतर १९२३ साल उजाडावे लागले. एकोणचाळीस वर्षे! या मधल्या काळात किती हात गेले याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

धोक्याचे काम कोणाच्या वाट्यास येते, हा प्रश्न आपल्या समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारास विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाच्या थुंकीने ओला करून जोडावा लागे आणि त्यामुळे इतरांस विटाळ होई. अधिक पगाराचे खाते बंद आणि खालच्या पगाराची खाती तेवढी खुली! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तेथे त्यांनी दाखवून दिले की, रेल्वेत अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन म्हणूनच राबतो. त्यास हमालही होता येत नाही, कारण हमालास स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते. गँगमन म्हणजे रुळांवर उभा राहून काम करणारा मनुष्य. गाडीखाली सापडण्याचा धोका ज्याच्या कामात सर्वांत अधिक, त्याच जागेवर त्यास कायम ठेवलेले. कामगाराचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी याच परिषदेत सांगितले. ते केवळ सभेतील टाळ्यांसाठी नव्हते. या गँगमनच्या जागेत दोन्ही शत्रू एकाच ठिकाणी भेटतात.

हे सर्व जुने झाले असे ज्यांस वाटते त्यांनी गटारांकडे पाहावे. गटारात व मलटाकीत उतरून गुदमरणाऱ्या माणसांची जात कोणास विचारावी लागत नाही. १९९३ पासून अशा रीतीने मरण पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली, आणि कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख ठरविली. हे आदेश वर्तमानपत्रातून वाचून कोणास घरबसल्या पैसे मिळाले नाहीत. सफाई कामगारांच्या संघटना नावे, तारखा आणि मृत्यूचे दाखले घेऊन न्यायालयात उभ्या राहिल्या म्हणून ते मिळाले.

आता आपल्या भागाकडे वळू. गोरेगाव १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. हा भंडारा जिल्हा म्हणजे विडीचा जिल्हा. जंगलात तेंदूपत्ता, घरोघरी रिकामे हात, आणि मध्ये सट्टेदार. या तिघांवर हा धंदा वाढला. विडी वळणारी बाई कारखान्यात जात नाही. ती आपल्याच ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसते. म्हणून तिला कोणी कामगार म्हणत नसे. तिचा अपघातही एका क्षणात होत नाही. तंबाखूची धूळ वीस वर्षे छातीत जाते, निकोटीन बोटांच्या कातडीतून अंगात भिनते, पाठ वाकते, डोळ्यांची आग होते. यंत्र बोट तोडते तेव्हा निदान पंचनामा तरी करता येतो. या बाईच्या खोकल्याचा पंचनामा कोण करणार? हा आजार कामामुळेच जडला हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच येतो, आणि तो पेलण्यापूर्वीच ती संपते.

या ओसरीवरच्या कामगारास प्रथम कामगार म्हणून उभे करणाऱ्यांत कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचे स्थान फार वरचे आहे. 'जय भीम' हा आपला अभिवादनाचा शब्द ज्यांनी रूढ केला, तेच हे बाबू हरदास. जय भीम आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, पण त्यांनी १९३२ साली मध्यप्रांत विडी मजूर संघ काढला हे आपल्या किती मुलांस ठाऊक आहे? ठेकेदार विड्या मोजून घेताना खराब म्हणून शेकडो विड्या बाजूस काढीत, त्यांची मजुरी देत नसत आणि त्याच विड्या बाजारात विकीत. पाने व तंबाखू कमी देऊन आकडा मात्र पुरा मागत. या लुटीविरुद्ध त्यांनी कामठी, नागपूर, भंडारा, चांदा या भागांतील मजूर एकत्र केले. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे ३५ वर्षांचे. विडी मजुराच्या वस्तीत सर्वांत अधिक माणसे ज्या रोगाने जात, त्याच रोगाने त्यांचा पुढारी गेला, ही गोष्ट मनास चटका लावल्याखेरीज राहत नाही.

त्यांच्यामागे कामठीचेच ना. ह. कुंभारे यांनी विडी कामगारांचे काम हाती धरले आणि रिपब्लिकन पक्षातर्फे हा आवाज राज्यसभेपर्यंत नेला. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात घरी विडी वळणारी बाईही कामगार मानली गेली, आणि विड्या नापास करण्यावरून होणारा तंटा सोडविण्याची व्यवस्था कायद्यातच झाली. विडी मालकांनी हा कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला. १९७४ साली न्यायालयाने तो उचलून धरला. १९७६ साली विडीवर उपकर बसवून कल्याणनिधी उभा राहिला आणि त्यातून दवाखाने, घरे व मुलांच्या शिष्यवृत्त्या यांची सोय झाली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर रद्द झाला. निधीची स्वतःची मिळकत गेली आणि त्यास सरकारी तरतुदीकडे पाहावे लागले. ज्या वेळी हे घडले त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांनी त्याविरुद्ध एक तरी ठराव केला?

बाबासाहेबांचा या विषयाशी असलेला संबंध केवळ चळवळीचा नव्हता. जुलै १९४२ पासून जून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्याच खात्याने प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपविली. ती १९४४ साली सादर झाली आणि तीतूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तो सुरू झाला. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळशाच्या खाणींत स्वतः गेले आणि मजूर कसा राबतो, कसा राहतो हे त्यांनी पाहिले. त्याच वर्षी मालकांनी कामगार संघटनांना मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक त्यांनी मांडले. सुरक्षिततेचा आणि संघटनेच्या मान्यतेचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. पट्ट्यावर जाळी नाही हे एकटा मजूर सांगू लागला तर दुसऱ्या दिवशी त्यास काम मिळत नाही. संघटनेने सांगितले तर मालकास निदान उत्तर तरी द्यावे लागते. दहा वर्षांनी, १९५४ साली, हेच बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. आपल्या जिल्ह्याच्या लौकिकात भर घालणारी ती गोष्ट नाही, एवढेच म्हणतो.

आजचा कायदा काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रम संहिता अंमलात आणल्या. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. १९४८ चा कारखाने अधिनियम आणि १९६६ चा विडी कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेले. बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटनांनी या संहितांना विरोध केला आहे, आणि सुरक्षिततेपुरते बोलावयाचे तर त्यांची तक्रार आम्हांस रास्त वाटते. १९४८ च्या अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरे. नव्या संहितेत ही संख्या २० केली आहे. कारखान्यात मालक-कामगारांची सुरक्षा समिती सक्तीची, पण केव्हा? साधारणतः ५०० कामगार असतील तेव्हा, आणि धोक्याच्या कामात २५० असतील तेव्हा. आपल्या भागातील राईस मिलमध्ये किती माणसे असतात? धुळीने भरलेली हवा, उघडे पट्टे, तापलेले बॉयलर आणि बारा-पंधरा माणसे. सुरक्षा समितीची सावली त्यांच्यावर कधीही पडावयाची नाही. एक चांगली गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. १० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. हे पत्र मागून घ्या. अपघातानंतर मालकाचे पहिले वाक्य 'हा माझा माणूसच नव्हे' हे असते, आणि त्या वाक्याला हा कागद उत्तर आहे.

नुकसानभरपाईच्या बाबतीत मात्र लहान जागेचा मजूरही उघड्यावर पडलेला नाही, आणि हेच आपल्या लोकांस ठाऊक नाही. यांत्रिक शक्तीवर चालणारी मिल असो, की ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्राने केलेली शेती असो, तेथील मजुराचा या कायद्याच्या यादीत समावेश आहे. खळ्यावरचा मळणीचा मजूर त्यात येतो. रक्कम कशी निघते हे एका उदाहरणाने सांगतो. मजुराचे वय ३० वर्षे, महिन्याची मजुरी १२,००० रुपये आणि अंगठा पूर्ण गेला असे समजा. वय ३० साठी कायद्यातील गुणक २०७.९८ आहे. मजुरीच्या ६० टक्क्यांस त्याने गुणिले म्हणजे पूर्ण अपंगत्वाची रक्कम १४,९७,४५६ रुपये येते. अंगठ्यासाठी ३० टक्के क्षमता गेली असे कायदा मानतो. म्हणजे सुमारे साडेचार लाख रुपये. औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च निराळा. आता ते दोन-चार हजार रुपये आणि धानाचे पोते पुन्हा आठवा.

ही रक्कम महिन्याच्या आत द्यावी लागते. दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. 'मला काही नको' असा कागद मजुराकडून लिहून घेतला तरी त्याने कायद्याचा हक्क बुडत नाही. अंगठा लावून घेणाऱ्यांनी आणि लावून देणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे. मृत्यूच्या बाबतीत पैसे परस्पर घरी देऊन मालक मोकळा होत नाही. ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे, ज्यास पूर्वी नुकसानभरपाई आयुक्त म्हणत, जमा करावे लागतात. काम ठेकेदाराचे असले तरी मूळ मालकाची जबाबदारी राहते. दाव्यास मुदत दोन वर्षांची आहे. आणि जो नागपूर, हैदराबाद वा सुरतेस बांधकामावर जाऊन पडला, त्यास तेथेच हेलपाटे घालण्याचे कारण नाही. ज्या भागात तो किंवा त्याचे वारस राहतात तेथील प्राधिकाऱ्याकडेही दावा दाखल करता येतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, नव्या संहितेने कामाचाच अपघात मानला आहे.

मग दावे का होत नाहीत? मजुराचे नाव हजेरीपटावर नसते. दवाखान्यात 'घरी पडला' असे सांगितले जाते आणि तसेच कागदावर चढते. साक्षीदार उद्या त्याच मालकाकडे कामास जाणार असतो. पुढल्या हंगामात काम मिळावयाचे असते, आणि मुलीच्या लग्नाची उचलही त्याच घरून घेतलेली असते. भित्रेपणा म्हणून आम्ही यास नावे ठेवणार नाही. एकट्या माणसाचा हिशेब असाच असतो. संघटनेने हा हिशेब बदलतो, हे महाराष्ट्रात घडलेले आहे. पाठीवर शंभर किलोचे पोते वाहणाऱ्या हमालास कोणी मालकच नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने १९६९ चा माथाडी कायदा आणविला आणि त्या हमालाचे नाव मंडळाच्या नोंदीत चढले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांची लढाई वीस वर्षे चालविली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगार महानगरपालिकेचे कायम कामगार ठरले. त्यांत बौद्ध व दलित कामगारांचा भरणा मोठा होता. नोंद झाली, नाव कागदावर चढले, की हातमोजे व बूट मागता येतात, आणि न दिल्यास जाबही विचारता येतो.

विदर्भात कारखानदारी वाढावी असे सर्वांनाच वाटते. परंतु १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात ९ जीव गेले. त्यांत ६ स्त्रिया होत्या, आसपासच्या खेड्यांतून कामास येणाऱ्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान ८ कामगार मृत्युमुखी पडले. पहिला कारखाना खासगी, दुसरा सरकारी. आपल्या शिकलेल्या मुलांना व मुलींना याच ठिकाणी नोकरी लागली म्हणून आपण पेढे वाटतो. वाटावेत. पण येथे काम कसे चालते, शिकाऊ मुलास कोणत्या खोलीत बसवितात, हे विचारण्याचा अधिकार आईबापांसही आहे. सुरक्षित व निरोगी कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क होय, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ साली जाहीर केले. तो हक्क जिनिव्हाहून गोंदियापर्यंत आपोआप चालत येणार नाही.

आमची सूचना साधी आहे. गोरेगाव तालुक्यात विहारे आहेत, वाचनालये आहेत, १४ ऑक्टोबर व १४ एप्रिलच्या उत्सवांसाठी वर्गणी गोळा करणारी मंडळे आहेत. प्रत्येक विहारात एक जाड वही ठेवावी. कोण कोठे कामास जातो, कोणत्या ठेकेदाराबरोबर, किती मजुरीवर, हे बाहेरगावी निघण्यापूर्वी तीत लिहावे आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. बांधकामावर जाणाऱ्यांनी वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला मिळवून बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करावी. अपघात झाला तर त्याच दिवशी वहीत नोंद व्हावी, दवाखान्यात खरे कारण सांगावे आणि कागदाची प्रत मागून घ्यावी. मालकास लेखी सूचना द्यावी व तिची पोच ठेवावी. ज्या तरुणांनी वकिलीचे शिक्षण घेतले आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार या वहीसाठी द्यावा. रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली ते वर सांगितलेच आहे.

वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक संध्याकाळ या कायद्याच्या वाचनास ठेवता येईल. विडी वळणाऱ्या बायांनी त्या दिवशी आपली विडी कामगाराची ओळखपत्रे बरोबर आणावीत. ज्यांच्याजवळ नसतील त्यांची नावे तेथेच उतरून घ्यावीत आणि ती यादी दुसऱ्या दिवशी गोंदियास कामगार कार्यालयात पोहोचवावी.